तिकीट काढून झाडं

आमचं सरकार भोपाळात बसतं, हायकोर्ट जबलपुरात भरतं आणि उरलेलं आयुष्य नागपुरात निघतं. पांढुर्ण्याच्या माणसाची दाढ दुखली की नागपूर, पोरीच्या लग्नाचा बस्ता नागपूर, पाण्याच्या मोटरीचा कुठेच न मिळणारा तुकडा नागपूर, आणि संत्र्याचा भाव पडतो तोही तिथल्याच कळमना बाजारात. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची नवी मांडणी झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. नकाशावर रेघ ओढणाऱ्याने आमच्या दाढांचा विचार केला नव्हता. २०२३ च्या ऑक्टोबरात छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर बाजूला काढून आमचा वेगळा जिल्हा झाला. कलेक्टर आता गावातच बसतात. दाढ अजून नागपूरलाच जाते.

तर नागपूरला जायचं ते कामाने. हातात एक्स-रेचं पाकीट तरी हवं, नाहीतर बस्त्याची यादी तरी. यातलं काहीच नसताना, धडधाकट तब्येतीने, नुसतं बागेत बसायला नागपूर गाठायचं हे आमच्या खानदानात कोणाच्या डोक्यात आलं नसतं. ते आलं शाळेमुळे. पुतणीला ‘उद्यानातील एक दिवस’ या विषयावर निबंध लिहायचा होता, आणि तिने भर जेवणात जाहीर केलं की आपल्याकडे उद्यान नाही, सबब निबंध होणार नाही.

पंगतीत मामा होते. तिगावला त्यांचा संत्र्याचा बगीचा आहे आणि त्याच्याबद्दल ते स्वतः सोडून कोणालाही वाईट बोलू देत नाहीत.

“उद्यान नाई म्हंजे? आपला बगीचा काय बाभुळबन हाये?”

“त्यात बाक नाही,” पुतणी म्हणाली.

“खाट हाये.”

“कारंजं नाही.”

“पाईप फुटला की होते.”

“वाघ नाही.”

इथे मामा जरा थांबले. “येते कधी कधी,” ते म्हणाले, “पण सांगून येत नाई.”

शेवटी जायचं ठरलं, आणि मामाही येतो म्हणाले. याचं कारण निबंध नव्हता, डिसेंबर होता. संत्र्याच्या आंबिया बहाराला या दिवसांत ताण द्यावा लागतो. झाडाचं पाणी तोडायचं, पानं मलूल होईपर्यंत त्याला तहानलेलं ठेवायचं आणि मग जानेवारीत पाणी सोडायचं. तेव्हा कुठे ते घाबरून फुलावर येतं. वर्षभरात मालकाला बगीच्यात काही न करणं हेच काम असलेले एवढेच दिवस. झाडं उपाशी आणि मालक सहलीला.

नागपुरात बागांना तोटा नाही. तेलंखेडी आहे, सेमिनरी हिल्सवरचं बालोद्यान आहे, २०२१ च्या २६ जानेवारीला उघडलेलं गोरेवाड्याचं प्राणी उद्यान आहे. पण काका अडून बसले की बाग म्हणजे महाराजबाग. त्यांना ती त्यांच्या वडिलांनी दाखवली होती. त्यानंतर जगात बागा झाल्या असतील तर त्या त्यांना न विचारता झाल्या. काका निवृत्त मास्तर. घरात इतिहास त्यांच्याकडे, भूगोल मामांकडे आणि अर्थखातं मामीकडे, अशी वाटणी आहे.

स्वयंपाकाचा प्रश्न कोणी चर्चेलाही घेतला नाही. आमच्याकडे घराबाहेर जेवायचं म्हणजे रोडगे. जाड दळलेल्या कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकायची, फोडून वर तूप ओतायचं, सोबत वरण आणि वांग्याची तिखट भाजी. नवस फेडायचा असो, वावरात पंगत असो की पाहुणा बिघडवायचा असो, रोडगेच. त्यामुळे काकांनी आदल्या रात्री पोत्यात गोवऱ्या मोजून भरल्या तेव्हा एवढ्या माणसांत एकाच्याही तोंडून हे निघालं नाही की आपण एका महानगराच्या मधोमध असलेल्या बागेत निघालो आहोत.

मामी मात्र काही न बोलता रात्री दोन वाजेपर्यंत पुऱ्या तळत होत्या. “असू द्या,” एवढंच म्हणाल्या.

सकाळची गाडी. पांढुर्णा ते नागपूर शंभरेक किलोमीटर; मध्ये नरखेड, काटोल, कळमेश्वर. पांढुर्णा सुटलं की थोड्याच वेळात राज्य बदलतं, पण ते खिडकीतून दिसत नाही. तीच काळी माती, तेच कपाशीचे पांढरे ठिपके, तेच संत्र्याचे बगीचे, रुळालगत वाळत घातलेली तीच लुगडी. पूर्वी हद्द कळायची ती मोबाईलमुळे. रोमिंग लागायचं. त्या काळात काका नरखेड यायच्या आधीच फोन बंद करत आणि शेजारच्यालाही करायला लावत. फोन चालू ठेवून महाराष्ट्रात शिरणारा माणूस त्यांच्या मते उधळ्या. रोमिंग गेलं तरी सवय गेली नाही. या वेळीही त्यांनी बटण दाबलंच.

मामांनी खिडकी धरली होती. निसर्गसौंदर्य बघायला पुतणीने जागा मागितली तर म्हणाले, “थांब, मले पाहू दे,” आणि नरखेड ते काटोल त्यांनी रुळाच्या दोन्ही बाजूंच्या बगीच्यांची तपासणी केली. “याच्यावर कोळशी आली. काळी माशी मारली नाई यानं.” “हे पाह्य, सल काढलीच नाई, वाळल्या काड्या तशाच.” “अबे, याले पाणी चालू हाये! ताण कुठी हाये याचा?” समोरच्या बाकावर काटोलला उतरणारा एक माणूस बसला होता. तो बराच वेळ ऐकत राहिला आणि उतरताना मोठ्या नम्रतेने म्हणाला, “तो पाणीवाला बगीचा माह्या साळ्याचा हाये. सांगतो त्याले.”

नागपूर स्टेशनबाहेर ऑटोवाल्याने आमच्याकडे, पोत्याकडे, पातेल्याकडे आणि पुन्हा आमच्याकडे पाहिलं. “लग्न कुठी हाये?” त्याने विचारलं. महाराजबागेत जायचंय म्हटल्यावर त्याने आणखी दोन ऑटोंना हाक मारली. रस्ता तसा थोडाच, पण तेवढ्यात सीताबर्डीच्या डोक्यावरून जाणारी मेट्रो पोरांनी पाहिली, आणि ती बागेतल्या वाघापेक्षा चांगली असेल असा संशय त्यांना आला. पुढे तो खरा ठरला.

तिकीट खिडकीशी काकांनी इतिहास काढला.

“नागपूर वसवलं कोणी?” त्यांनी रांगेला विचारलं. रांग गप्प. “बख्त बुलंद शाह. सतराशे दोन साली. तो राजा कुठचा? देवगडचा. देवगड कुठी हाये? छिंदवाडा जिल्ह्यात. म्हंजे नागपूर वसवलं आपण.” मागच्या एका बाईने मान डोलावली, त्यामुळे त्यांना जोर चढला. गोंड राजांनंतर नागपूर भोसल्यांकडे आलं, ही बाग त्या भोसल्यांची, म्हणून महाराजबाग. १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले, दत्तकाचा वाद उकरून इंग्रजांनी राज्य खालसा केलं, आणि १८९४ साली बागेत प्राणी आणून ठेवले. “राजा नेला अन् वाघ आणला,” काकांनी इंग्रजी अमदानीचा असा एका वाक्यात निकाल लावला. मग म्हणाले, “सन छप्पनपर्यंत आपली राजधानी हीच होती. मंग आपण तिकीट कायले काढायचं?”

खिडकीतल्या पोराने सगळं ऐकून घेतलं. “मोठे किती, लहान किती?” त्याने विचारलं.

फाटकावरच्या गार्डाची नजर मात्र पोत्यावर गेली. त्याने हात लावून पाहिला. आत काहीतरी कडक, चपटं, बरंच.

“काय हाये याच्यात?”

“जेवणाचं,” काका म्हणाले.

“कुठून आले?”

“पांढुर्णा.”

गार्ड दोन पावलं मागे सरला. “गोटे तं नाई ना आणले?”

रांग हसली. हे आमच्या नशिबी कायमचं आहे. पांढुर्णा म्हटलं की बाहेरच्या माणसाला एकच गोष्ट ठाऊक असते: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा लावतात, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि झेंड्यासाठी दिवसभर दगडफेक चालते. गोटमार. मूळ गोष्ट म्हणे प्रेमाची. इकडच्या पोराने तिकडची पोरगी पळवली आणि दोघं ऐन नदीत सापडले. दोन गावांनी त्या दोघांना दगड मारले आणि नंतर त्याची जत्रा केली. प्रशासन दरवर्षी पोलीस, डॉक्टर, अ‍ॅम्ब्युलन्स उभ्या करतं, एकदा दगडांऐवजी रबरी चेंडूही देऊन पाहिले. वर्षाचे उरलेले सगळे दिवस आम्ही दुकानं उघडतो, पोरांच्या फिया भरतो, संत्री तोडतो, पण ते कोणी विचारत नाही. बाहेरच्यांना त्यात गंमत वाटते. ज्या घरातला माणूस त्या दिवशी डोळा किंवा जीव गमावून बसला, त्या घराला वाटत नाही, आणि हे आमच्यातल्या निम्म्या लोकांना कळतं. उरलेले निम्मे त्या दिवशी नदीत असतात.

पोतं उघडलं. गोवऱ्या निघाल्या. गार्डाला गोटे निघाले असते तरी एवढा धक्का बसला नसता.

“हे इथं पेटवणार होते तुमी?”

“एका कोपऱ्यात,” काकू म्हणाल्या. “राख आमी सोबत नेऊ.”

बोलण्यात निघालं की गार्डाच्या आईचं माहेर सौंसरचं. मग काय, आत्या पुढे सरसावल्या. सौंसरला कोणतं आडनाव, कोणता मोहल्ला, मोहगावच्या बाजूला का रामाकोन्याच्या, असं करत त्यांनी दहा मिनिटांत गार्डाला आपला दूरचा भाचा करून टाकला. भाचा खाली वाकून आत्यांच्या पाया पडला, काकांना “या मामाजी” म्हणाला, आणि गोवऱ्यांचं पोतं उचलून आपल्या खोलीत ठेवलं. “जातानी घेऊन जा,” तो म्हणाला. इतका सोयरा निघूनही कर्तव्याला न चुकणारा माणूस आमच्या भागातलाच असणार, यावर नंतर सगळ्यांचं एकमत झालं.

आत शिरलो. मोठमोठी जुनी झाडं, त्यांच्याखाली ऊन-सावलीचे तुकडे, हिरवळी, आखलेल्या वाटा, फुलांचे वाफे. त्या वाटांवरून पायात महागडे बूट घातलेली मंडळी हात हलवत भराभर चालली होती. मामा कडेला उभे राहून त्यांच्याकडे बघू लागले. एक गृहस्थ एकदा गेले, दुसऱ्यांदा गेले, तिसऱ्यांदा दिसल्यावर मामांना राहवलं नाही.

“हे कुठी चालले?”

“कुठेच नाही मामा. फिरतात.”

“मंग एवढ्या घाईनं काऊन?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पलीकडे दहा-बारा म्हातारी माणसं गोल करून उभी होती आणि एकदम हात वर करून हसली. हसणं थांबलं. पुन्हा हसली. मामा विनोद ऐकायला घाईने तिकडे गेले आणि थोड्या वेळाने गंभीर चेहऱ्याने परत आले. “काईच झालं नाई तिथं,” ते म्हणाले. “उगाच हासून राह्यले.” त्या दिवशी हास्यक्लब पाहून दुःखी झालेला तो एकटाच माणूस असावा.

पुढे पाटी दिसली: गवतावर चालू नये. मामांनी ती दोनदा वाचली.

“चालायचं नाई. बरं. बकरी चारता येते?”

“नाही.”

“कापून नेता येते?”

“नाही.”

“मंग वाढवलं कायले?”

पाहायला, मी म्हटलं. मामांनी वाकून गवताची एक काडी चिमटीत धरली, बघितली, सोडून दिली. कोणीतरी पैसे खर्चून, पाणी घालून, कापून, खत देऊन एक वस्तू वाढवतो आणि तिचं काहीच करत नाही, हे त्यांना पटायला दुपार उजाडावी लागणार होती. मध्येच काकांनी माहिती पुरवली की बाग अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या ताब्यात आहे आणि ते जे शेजारी दिसतं ते १९०६ सालचं कृषी महाविद्यालय. हे ऐकल्यावर मामांचा नूर पालटला. “म्हंजे हे शेतीवाल्याईचंच हाये,” ते म्हणाले, आणि तिथून पुढे त्यांनी पाहुण्याचा संकोच टाकून बागेला सुनावायला सुरुवात केली.

प्राण्यांकडे जाताना पोरं पुढे पळाली. वाघ होता. तो पाठ करून झोपला होता, आणि प्रेक्षकांनी कितीही शिट्ट्या मारल्या तरी शेपटीचं टोक तेवढं एकदा हललं. पुतणीने वहीत लिहिलं: वाघ पाहिला, मागून. बिबट्या दिसला, अस्वल येरझारा घालत होतं. मग नीलगाय आली.

आमच्याकडे हिला रोही म्हणतात आणि हे नाव फारसं प्रेमाने घेतलं जात नाही. रात्रीची कळपाने येते, तुरीचा, गव्हाचा, भाजीपाल्याचा फडशा पाडते, नवीन लावलेल्या संत्र्याच्या कलमांचे शेंडे खाते, आणि कायद्याने तिला हात लावता येत नाही. तिच्यासाठी मामा रात्र रात्र मचाणावर बसून डबे वाजवतात. इथे ती जाळीमागे उभी होती, आणि भोवती नागपूरची लेकरं “किती गोड” करत होती. एक बाई तिला मोबाईलमध्ये घेत होत्या.

मामा अगदी जाळीजवळ गेले. रोहीने मान वर केली. दोघं बराच वेळ एकमेकांकडे बघत राहिले.

“वळखलं का?” मामांनी विचारलं.

तिने तोंडातला चारा चावला.

“फुकटात दिसते आमच्या वावरात,” ते शेजारच्या बाईंना म्हणाले, “न्यायची असंल तं सांगा. गाडीभाडं मी देतो.” बाईंनी मुलाचा हात धरून त्याला चितळांकडे नेलं.

जेवायला बसलो तिथे बसायला परवानगी होती. सतरंज्या पडल्या, मामीने डबे उघडले: पुऱ्या, वांग्याचं भरीत, आलूची भाजी, जवसाची चटणी, ठेचा, दही, गूळ. रात्री दोनपर्यंतच्या त्या एकट्या उद्योगाचं कारण आता सगळ्यांना कळलं, आणि काकांनी “मी म्हटलंच होतं, सोबत काहीतरी असू द्या” असं म्हणून पहिली पुरी उचलली. शेजारच्या सतरंजीवर नागपूरचं एक कुटुंब होतं. त्यांच्याकडे ठेचा गेला, त्यांच्याकडून सांबारवडी आली. ते म्हणाले, आम्ही दर महिन्याला तुमच्याचकडे येतो, जामसावळीला. सौंसरजवळच्या त्या हनुमानाला मंगळवारी-शनिवारी नागपूरहून गाड्यांची रांग लागते. मारुती तिथे पिंपळाखाली निजलेला आहे, आणि दर्शन घेऊन लोक आजूबाजूच्या झाडांखाली डबे सोडतात. “काय शांत वाटतं हो तुमच्याकडे,” त्या गृहस्थांनी सांगितलं. “झाडं, मोकळी हवा. नागपुरात काय हाये?”

हे बोलताना ते एका भल्यामोठ्या झाडाला टेकून बसले होते.

आम्ही गृहस्थांना हसलो नाही, कारण समोर मामा झोपले होते.

ही बातमी आहे हे बाहेरच्याला कळणार नाही. मामा दिवसा झोपत नाहीत. बगीच्यात झाडाखाली खाट टाकलेली आहे, पण तिच्यावर आडवं झालं की वर फांदी दिसते, आणि फांदी दिसली की संपलं. फळाची गळ सुरू झालीय का, पानाच्या मागे माशी बसलीय का, बुंध्यातून डिंक येतोय का. डोळे मिटावे तर व्यापारी आठवतो, जो बगीचा बघायला येतो, झाडं मोजत हिंडतो आणि प्रत्येक झाडाशी “भाऊ, माल बारीक हाये” म्हणतो. रात्री वीज येते म्हणून मोटर रात्री. वीज असेल तेव्हा विहिरीत पाणी नाही, पाणी असेल तेव्हा आकाशात गारा. सहा मीटरवर एक झाड, ओळीने, शेवटपर्यंत. त्यांच्यातून चालताना आम्ही सावलीतून चालतोय असं कधी वाटत नाही, वहीतून चालतोय असं वाटतं, आणि प्रत्येक पानावर बाकी उधारी. नागपूरकर जामसावळीला येऊन त्याच झाडांखाली बसतो तेव्हा त्याला खरंच शांत वाटत असणार. त्याचं तिथे काही देणं नाही.

महाराजबागेतलं ते झाड कोणाचं होतं? विद्यापीठाचं. त्याला कीड लागली तर विद्यापीठ बघेल. त्याला फळ नाही आलं तरी मामीचे दागिने जिथल्या तिथे राहतील. बहुधा पहिल्यांदाच मामा अशा झाडाखाली आडवे झाले होते ज्याच्याशी त्यांचा कसलाही व्यवहार नव्हता, आणि दहा मिनिटांत ते घोरायला लागले. तोंडावर ऊन आलं तरी उठले नाहीत. आत्यांनी पदराने वारा घालायचा प्रयत्न केला तर मामी म्हणाल्या, “राहू द्या, जागे होतील अन् काही तरी पाहतील.”

झोप मोडली ती ढगाने. चारच्या सुमारास ऊन गेलं, मामा ताडकन उठून बसले, आकाशाकडे बघितलं आणि तिगावला फोन लावला. “इकडं आभाळ आलं, तिकडं काय हाये?” ताणावर असलेल्या झाडांवर अवेळी पाऊस पडला की सगळा ताण पाण्यात जातो. सालदाराने सांगितलं, तिकडे कडक ऊन आहे. “पक्कं पाह्य,” मामा म्हणाले. “बाहीर जाऊन पाह्य.” तो बाहेरच उभा होता. ढग पाच मिनिटांत सरकला, पण मामा आता जागे होते, आणि बागेच्या दुर्दैवाने ते ज्या झाडाखाली बसले होते त्याच्या बुंध्यावर एक चीर होती.

माळी शोधून आणला गेला. तो विडी ओढायला निघालेला म्हातारा माणूस होता. दोघं बुंध्यापाशी उकिडवे बसले. मामांनी चिरेत नख घालून वास घेतला, माळ्याने वास घेतला. मामांनी बोर्डो पेस्टचं माप सांगितलं: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळे कालवायचे, मग एकत्र करायचे, जमिनीपासून हातभर वरपर्यंत लावायचं. माळी म्हणाला, हे मला माहीत आहे, तीस वर्षं लावतोय. मामा म्हणाले, मग लावलं का नाही? माळी म्हणाला, साहेबांना सांगा. मामा उठलेच होते साहेबांना शोधायला. रविवार आहे हे काकांनी वेळेवर सांगितलं म्हणून ते कृषी महाविद्यालय त्या दिवशी वाचलं. मग दोघांनी एकेक विडी ओढली आणि हवामान, खताचे भाव आणि सध्याची पोट्टी यांच्यावर संपूर्ण मतैक्य झालं. पुतणी विचारत होती की निबंधात कारंजं घालू का, पण निबंधाची कोणाला पडली नव्हती.

निघताना गार्ड-भाच्याने गोवऱ्या परत दिल्या. एकही कमी नव्हती, काकांनी मोजल्या. बाहेर हातगाडीवर संत्र्यांचा ढीग होता आणि वर पुठ्ठा: खास नागपुरी. पोरांनी हट्ट धरला. घरी ही पोरं संत्र्याला पाय लागला तरी खाली बघत नाहीत. मामांनी एक फळ उचललं, हातात फिरवलं, देठाकडून पाहिलं.

“कुठचा माल?”

“नागपूरचा खास, काका.”

“आणला कुठून?”

“कळमन्यातून.”

“अन् कळमन्यात?”

विक्रेत्याने इकडेतिकडे पाहिलं. “पांढुर्णा साईडचा हाये,” तो हळू आवाजात म्हणाला. “पण लेकाईन, गोड हाये.”

रघूजी राजांनी औरंगाबादेकडून कलमं आणून नागपुरात संत्रं रुजवलं असं सांगतात. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आमच्याकडच्या संत्र्याने काय करावं? ते रात्री ट्रकमध्ये बसतं आणि सकाळी नागपूरकर होऊन उठतं. मामांनी भाव विचारला. डझनाचा आकडा ऐकून त्यांनी मनात काहीतरी गुणलं, भागलं, आपल्याला बगीच्यात मिळालेल्या भावापाशी आले आणि फळ सावकाश जागेवर ठेवलं. “चोर कोण हाये ते समजत नाई,” ते म्हणाले, “हा बिचारा तं नाई.” तरी मामीने डझनभर घेतली. पोरांनी ती तिथेच फूटपाथवर बसून संपवली आणि म्हणाली, आपल्याकडे अशी मिळत नाहीत.

स्टेशनकडे निघताना मामा मागे राहिले. आम्हाला वाटलं, पुन्हा माळी. परत आले तर हातात काळ्या पिशवीतलं एक रोप होतं, रस्त्याकडेच्या रोपवाल्याकडून घेतलेलं. लाल-पिवळ्या ठिपक्यांची पानं. क्रोटन. आयुष्यात पहिल्यांदा पैसे देऊन रोप घेताना त्यांनी रोपवाल्याला विचारलं होतं की याचा खुंट कोणता, जंभेरी की रंगपूर. आणि तो म्हणाला होता की काका, फांदी खोचली की येते.

गाडीला गर्दी होती. क्रोटनला खिडकीची जागा मिळाली. काटोलपर्यंत तीन जणांनी त्याची किंमत विचारली आणि तिघांनीही मामांना ठगवलं असं सांगितलं. मामा शांत होते. कळमेश्वरनंतर बाहेर अंधार पडल्यामुळे कोणाचा बगीचा दिसत नव्हता, हेही एक कारण असेल. नरखेड गेलं, काकांनी फोन चालू केला, आणि तेव्हा मामीने शेवटी तोंड उघडलं.

“याले फळ येते?”

“नाई.”

“फूल?”

“नावालेच.”

“मंग देते काय हे?”

“काईच नाई,” मामा म्हणाले, जरा अभिमानाने.

मामीने क्रोटनकडे पाहिलं, मग मामांकडे पाहिलं. “असं एक हाये की घरी,” त्या म्हणाल्या, “आता दोघाईले पाणी कोण देईन?”